नव्या प्रवासमित्रांबरोबर मोटारीने एक दिवस : पुण्याहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहलीत ओळख झालेल्या लोकांबरोबर एक दिवस फिरायला जायचे, तर आधी ठरवण्यासारखे इतके काय असते?

काश्मीर, कोकण किंवा चारधामच्या सहलीत आठ-दहा दिवस एकाच बसमधून हिंडल्यावर दोन-तीन कुटुंबांशी चांगली ओळख होते, परतताना मोबाइल क्रमांक घेतले जातात आणि महिनाभरात ‘एकदा गाडी काढून कुठेतरी जाऊ या’ असा विषय निघतो. त्या सहलीत सकाळी किती वाजता उठायचे, नाश्ता कुठे करायचा, कोणत्या ठिकाणी किती वेळ थांबायचे आणि गाडी कधी हलवायची, हे सारे सहल व्यवस्थापक ठरवत होता. त्यामुळे या मंडळींची आपल्याला झालेली ओळख ही कोणताच निर्णय घ्यावा लागत नसतानाची ओळख असते. स्वतःच्या मोटारीने निघाल्यावर तो व्यवस्थापक सोबत नसतो आणि त्याची कामे कोणी तरी करावीच लागतात. कोणत्या दिशेला जायचे, निघायचे आणि परतायचे कधी, गाडी कोण चालवणार आणि पैसे कसे वाटायचे, एवढे आदल्या आठवड्यात फोनवर बोलून ठरवले की पुरे. त्यापलीकडची आखणी शक्यतो करू नये, कारण मिनिटामिनिटाचे वेळापत्रक पाठवणाऱ्या माणसाबरोबर दुसऱ्यांदा जायला सहसा कोणी तयार होत नाही.

एका दिवसात किती ठिकाणे पाहावीत?

तीन, आणि तिसरे वेळेअभावी सोडून देता येईल असे असावे.

पुण्याहून कोणकोणत्या दिशांना एका दिवसात जाऊन येता येते?

ठिकाणांची यादी करण्यापेक्षा रस्ता निवडावा, कारण पुण्यातून बाहेर पडणारा प्रत्येक रस्ता आपल्याबरोबर स्वतःची ठिकाणे घेऊन येतो आणि एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी बहुधा शहरातूनच यावे लागते. लोणावळ्याच्या दिशेला कार्ले आणि भाजे ही लेणी, तसेच लोहगड आणि विसापूर हे किल्ले आहेत. त्यांपैकी लोहगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांमध्ये झाला. साताऱ्याच्या रस्त्याने नसरापूरचे बनेश्वर, भोर आणि जरा लांब जायची तयारी असेल तर वाई करता येते. नाशिक रस्त्याने जुन्नर आणि शिवनेरी होते, पण तो दिवस मोठा पडतो. सिंहगड रस्त्यावर खडकवासला, पानशेत आणि सिंहगड, तर हडपसरहून दिवे घाटाने सासवड, जेजुरी आणि पुरंदर येतात.

कार्ले आणि सिंहगड एकाच दिवसात करण्याचा बेत पुष्कळदा मांडला जातो. नकाशावर तो जमण्यासारखा दिसतो, परंतु मधले शहर ओलांडण्यात जाणारा वेळ नकाशाच्या हिशेबात नसतो.

पहिल्याच भेटीसाठी एखादा नेमका मार्ग सुचवता येईल का?

सासवड, जेजुरी, भुलेश्वर आणि सोलापूर रस्त्याने परत, असा फेरा सुचवता येईल. एकूण अंतर शहरातल्या निघण्याच्या जागेप्रमाणे साधारण १३० ते १५० किलोमीटर होते, गेलेल्या रस्त्याने परत यावे लागत नाही आणि भाविक, इतिहासाची आवड असणारे, शिल्पे पाहणारे आणि नुसते खायला आलेले अशा चारही प्रकारच्या लोकांना त्यात काही ना काही मिळते. नव्या मंडळींपैकी कोण कोणत्या प्रकारचे आहे हे आधी ठाऊक नसल्यामुळे ही सोय मोलाची ठरते.

सकाळी साडेसहाला हडपसर सोडल्यास दिवे घाट गर्दीच्या आधी चढून होतो. घाटातून खाली वडकीजवळचा मस्तानी तलाव दिसतो. तो पाहण्यासाठी वळणावर गाडी उभी करू नये, जागा रुंद असेल तिथेच थांबावे. हा रस्ता पालखी मार्गाचा असून त्याच्या रुंदीकरणाचे काम चालू असेल तेव्हा अर्धा तास जास्तीचा धरावा. सासवडला नाश्ता करून संत सोपानदेवांची समाधी आणि कऱ्हेकाठचे संगमेश्वराचे मंदिर पाहावे. सासवड हे केवळ जेजुरीच्या वाटेवरचे चहाचे गाव मानले जाते, हा त्या गावावर अन्याय आहे : भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे १७२० मध्ये इथेच निधन झाले, पुरंदऱ्यांचा वाडा इथलाच आणि आचार्य अत्रे यांचे जन्मगाव कोडीतही याच परिसरातले. अंजीर किंवा सीताफळांचे दिवस असतील तर परतीची वाट न पाहता सकाळीच फळे घ्यावीत, कारण परतीचा रस्ता दुसरा आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

जेजुरीला नऊच्या सुमारास पोहोचावे. गडावर अनवाणी जावे लागते आणि उन्हाळ्यात अकरानंतर दगडी फरशी इतकी तापते की दर्शनाच्या रांगेत उभे राहणे कठीण होते, त्यामुळे मार्च ते मे या काळात जाड पायमोजे जवळ ठेवावेत. पायऱ्या बऱ्याच आहेत, परंतु कमानी आणि दीपमाळा पाहत, थांबत थांबत चढल्यास त्या जाणवत नाहीत. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असा गजर करून उधळला जाणारा भंडारा म्हणजे हळद. ती कपड्यांवर, केसांत आणि नंतर गाडीत येते, म्हणून निघतानाच सीटांवर जुन्या चादरी घालाव्यात आणि पांढरे कपडे घालून येऊ नये असे सर्वांना आधी कळवावे. गावाबाहेर होळकरांनी बांधलेला तलावही पाहण्याजोगा आहे, पण वेळ असेल तरच.

दुपारचे जेवण जेजुरीतच उरकून अडीचच्या सुमारास भुलेश्वरला जावे. माळशिरस गावाजवळच्या टेकडीवरचे हे यादवकालीन शिवमंदिर दौलतमंगळ किल्ल्याच्या आत आहे आणि बाहेरून ते मंदिर वाटतच नाही. घुमट आणि भिंती पाहून एखादी वेगळीच वास्तू असावी असे वाटते. अंधाऱ्या अरुंद पायऱ्यांनी वर गेल्यावर एकाएकी कोरीव खांब, सुरसुंदरी, रामायण-महाभारतातले प्रसंग आणि स्त्रीरूपातील गणेशाची मूर्ती समोर येते. अनेक शिल्पे भंगलेली आहेत. पिंडीखाली नैवेद्याचे पेढे ठेवले की त्यांतला एखादा नाहीसा होतो, अशी इथली श्रद्धा आहे, आणि अनोळखी माणसांच्या घोळक्यात गप्पांना तोंड फुटायला हा विषय पुरेसा होतो. आतला प्रकाश कमी असल्याने डोळे सरावेपर्यंत थांबावे. मोबाइलचा दिवा सतत लावून हिंडणाऱ्याला शिल्पे कमी दिसतात, असा अनुभव आहे.

चार वाजता टेकडी उतरून यवतला सोलापूर रस्ता गाठावा. लोणी काळभोरपासून हडपसरपर्यंत संध्याकाळी वाहने तुंबतात, त्यामुळे साडेपाचनंतर निघालेल्यांना शेवटच्या वीस किलोमीटरसाठी दिवसातला सर्वांत कंटाळवाणा तास खर्च करावा लागतो. वेळ हाताशी असेल आणि मंडळींची इच्छा असेल तर वाटेतले थेऊर करता येते. अष्टविनायकांपैकी चिंतामणीचे हे स्थान असून थोरले माधवराव पेशवे यांनी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी इथेच देह ठेवला.

सिंहगडाला का जाऊ नये?

जावे, पण रविवारी जाऊ नये. पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेला आणि सुमारे १३०० मीटर उंचीचा हा गड गाडीने वरपर्यंत जाता येणाऱ्या मोजक्या किल्ल्यांपैकी आहे, आणि त्यामुळेच सुट्टीच्या दिवशी, विशेषतः पावसाळ्यात, घाटरस्त्यावर वाहनांची रांग लागून खालून वर जायला चालत जाणाऱ्याइतकाच वेळ लागतो. पायथ्याशी उपद्रव शुल्क भरावे लागते, आणि दरडी कोसळण्याची शक्यता असेल तेव्हा घाट बंदही ठेवला जातो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सातला वर पोहोचणाऱ्यांना मात्र ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे ज्या कड्यावरून चढले त्याची उंची शांतपणे न्याहाळता येते, राजाराम महाराजांच्या समाधीपाशी बसता येते आणि देवटाक्याचे पाणी, टिळकांचा बंगला, कल्याण दरवाजा असा सावकाश फेरा घालता येतो. पिठलं-भाकरी, वांग्याचे भरीत आणि मडक्यातले दही घेऊन बसणाऱ्या घेरा सिंहगडच्या बायकांकडेच जेवावे. तिथे जाऊन पिझ्झा मिळतो का हे विचारणारे प्रवासमित्रही असतात, त्यांना परतीच्या वाटेवर पुष्कळ हॉटेले आहेत.

पाहुणे बाहेरगावचे आहेत आणि त्यांना पुणे शहरच पाहायचे आहे. मोटार काढावी का?

पेठांसाठी काढू नये. एकेरी रस्ते आणि गाडी लावायला जागा शोधणे यातच अर्धी सकाळ जाते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके वापरून शनिवारवाडा, कसबा गणपती, तुळशीबाग आणि बाजीराव रस्त्यावरील राजा केळकर संग्रहालय चालत पाहता येते. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची. आतील महाल १८२८ च्या आगीत गेल्यामुळे आज जोती, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा हेच मुख्यतः दिसते, हे पाहुण्यांना आधीच सांगावे, म्हणजे त्यांची निराशा होत नाही. केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते आणि मस्तानी महाल यांसाठी किमान दीड तास ठेवावा.

मोटारीचा उपयोग नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेससाठी होतो. १८९२ मध्ये बांधलेल्या या वास्तूत महात्मा गांधी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना ऑगस्ट १९४२ पासून स्थानबद्ध करण्यात आले होते. महादेवभाईंचे १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी इथेच निधन झाले. दोघांच्या समाध्या मागच्या आवारात आहेत आणि बरेच लोक इमारतीचे छायाचित्र घेऊन तिथपर्यंत न जाताच परततात.

एका गाडीत किती जण असावेत?

पाच आसनांच्या गाडीत चालकासह चार. मागे तिघांना बसवता येते, पण दिवे घाटाच्या वळणांवर मधला माणूस दोन्ही बाजूंच्या मंडळींवर कलत राहतो आणि पहिल्याच भेटीत ते संकोचाचे होते.

गाडी स्वतःची असावी की भाड्याची?

चौघांपैकी एकाकडे चांगली गाडी असेल आणि तो आनंदाने काढत असेल तर तीच बरी. मात्र दोन बाबी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की पांढऱ्या नंबरपट्टीची खासगी गाडी भाडे आकारून प्रवासी नेण्यासाठी वापरता येत नाही आणि खासगी गाडीच्या विम्यातही भाडे घेऊन केलेला प्रवास वगळलेला असतो. इंधनाचा प्रत्यक्ष खर्च मित्रांनी वाटून घेणे वेगळे आणि माणशी अमुक रुपये असा दर लावणे वेगळे. दुसरी बाब विम्याची : गाडीला केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर अपघातात गाडीत बसलेल्या पाहुण्यांना भरपाई मिळेलच असे नाही, त्यामुळे सर्वसमावेशक विमा आहे ना आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे मालकाने स्वतःहून पाहावे. हा प्रश्न पाहुण्याने विचारणे अवघड असते, म्हणून मालकानेच सांगून टाकणे शोभून दिसते.

चालकासह गाडी भाड्याने घेतल्यास ती पिवळ्या पट्टीची असावी. शहरापुरते ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असे भाडे सांगितले जाते, परंतु जेजुरीसारख्या ठिकाणी जाताना ते बाहेरगावचे धरून दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचे पैसे घेण्याची पद्धत आहे. १४० किलोमीटरच्या फेऱ्यालाही तेच लागू होते, तेव्हा कोणता हिशेब लावणार हे आधी विचारावे. चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळे आहेत का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. चालकाचे जेवण आपल्याबरोबर आणि आपल्याच वेळेला व्हावे. त्याला गाडीपाशी उपाशी ठेवून चार माणसे आत ताटावर बसलेली दिसतात, आणि संध्याकाळच्या रहदारीत आपला जीव त्याच्याच हाती असतो हे तेव्हा कोणाच्या मनात येत नाही. स्वतः चालवण्यासाठी मिळणाऱ्या भाड्याच्या गाड्यांची पट्टी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. तिथे ज्याच्या परवान्यावर नोंदणी झाली त्यानेच गाडी चालवावी.

खर्च कसा वाटून घ्यावा? हा विषय काढायलाच संकोच वाटतो.

संकोच सर्वांनाच वाटतो आणि म्हणूनच तो विषय निघण्याआधी एकाने काढावा. ‘होऊ दे, नंतर बघू’ हे शब्द आपल्याकडे मोठेपणाचे मानले जातात, पण नव्या ओळखीत त्यांचा अर्थ दोन्ही बाजू वेगवेगळा लावतात : एकाला वाटते की समोरच्याने आग्रहाने खर्च उचलला, दुसऱ्याला वाटते की त्याने विचारलेसुद्धा नाही.

आमच्या मते सोपी रीत अशी. गाडीच्या मालकाने इंधनाचा वाटा देऊ नये, कारण टायर, सर्व्हिसिंग आणि दिवसभराची धूळ त्याच्याच वाट्याला येते. उरलेल्यांनी इंधन आणि टोल वाटून घ्यावा. खाण्यापिण्याचा खर्च मात्र मालकासह सर्वांनी समान करावा. उदाहरणार्थ, १४० किलोमीटरचा फेरा, लिटरला १४ किलोमीटर जाणारी गाडी आणि पेट्रोलचा दर १०५ रुपये धरला तर दहा लिटरचे १०५० रुपये होतात आणि तिघांना प्रत्येकी ३५० रुपये येतात. हा आकडा आदल्या दिवशीच सर्वांना कळवावा. निघण्याआधी टाकी भरून घ्यावी आणि परतल्यावर पुन्हा भरावी, म्हणजे किती इंधन लागले याचा वाद उरत नाही.

खाण्यासाठी सकाळीच प्रत्येकी ५०० रुपयांची कॉन्ट्री काढून ती एकाकडे द्यावी आणि चहा, नाश्ता, जेवण, पार्किंग त्यातूनच व्हावे. प्रत्येक टपरीवर चौघांनी एकाच वेळी मोबाइल पुढे करून ‘मी देतो, मी देतो’ करण्याचा प्रकार यामुळे टळतो. देवाच्या पेटीत टाकायचे पैसे, पूजेची ताटे आणि खरेदी ज्याची त्याने करावी, त्यांना सामाईक खर्चात आणू नये, कारण श्रद्धेचे प्रमाण प्रत्येकाचे निराळे असते. जोडपे असेल तर दोन माणसे धरावीत. लहान मुलांचा वाटा धरू नये, पण त्यांच्या आईस्क्रीमचा आग्रह त्यांच्या आईवडिलांनी पुरवावा.

राहिला टोल. दिवे घाटाच्या मार्गाने गेल्यास तो फारसा आड येत नाही, साताऱ्याच्या दिशेला मात्र खेड शिवापूरचा नाका लागतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागलेला फास्टॅगचा वार्षिक पास एखाद्याकडे असेल तर त्याने ‘मला टोल लागतच नाही’ असे म्हणून विषय संपवू नये, एका फेरीची किंमत हिशेबात धरण्याचा त्याला अधिकार आहे. तो पास मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, हेही लोणावळ्याला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

गाडी कोणी चालवावी?

मालकाने, आणि तो दमल्यास आधी ठरवलेल्या दुसऱ्या एकाने. वाटेत कोणी ‘जरा मला द्या, घाटात चालवायला मजा येते’ असे म्हणाल्यास नम्रपणे टाळावे. चालवणाऱ्याने दुपारी पोटभर पुरणपोळी खाऊ नये, हा सल्ला कोणालाच आवडत नाही, तरी भुलेश्वर ते यवत या उन्हातल्या टप्प्यावर तो उपयोगी पडतो. मद्य घेतलेल्याने चाक धरू नये. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, न लावल्यास दंड आहे.

जमायचे कुठे?

प्रत्येकाला घरून उचलण्याचे मान्य करू नये. निगडी, कोथरूड, सहकारनगर आणि वानवडी असे चौघे चार टोकांना राहत असतील तर नुसत्या गोळा करण्यात दीड तास जातो आणि पहिल्याला पहाटे पाचला उठावे लागते. मेट्रो सकाळी सहापासून चालते, त्यामुळे साताऱ्याच्या दिशेला जाताना स्वारगेट हे ठिकाण सोयीचे पडते. सासवडच्या बाजूला जाताना हडपसरचे गाडीतळ बरे, तिथपर्यंत रिक्षा किंवा बस मिळते. वयस्कर सोबत्याचा याला अपवाद करावा. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटे थांबावे आणि मग फोन करावा. पुणेकरांच्या वक्तशीरपणाविषयी बरेच बोलले जाते, पण रविवारी सकाळी साडेसहाला तो सर्वांपाशी असतोच असे नाही.

गुडघेदुखी असणारे किंवा ज्येष्ठ सोबती असतील तर?

जेजुरीचा गड आणि कार्ल्याची लेणी या दोन्ही ठिकाणी चढ चुकत नाही. अशा वेळी मोरगाव, थेऊर आणि रांजणगाव यांसारखी सपाटीवरची देवस्थाने किंवा नारायणपूरचे दत्तमंदिर आणि शेजारचे प्राचीन नारायणेश्वर मंदिर निवडावे. नारायणपूरहून पुरंदरचा पायथा जवळच आहे. १४ मे १६५७ रोजी संभाजी महाराजांचा जन्म झाला तो हाच किल्ला, आणि मिर्झाराजे जयसिंगांबरोबरचा जून १६६५ चा तहही याच्याच नावाने ओळखला जातो. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि संध्याकाळी उशिरा आत सोडत नाहीत हे धरून चालावे.

ज्येष्ठांना ‘तुम्ही खालीच बसा, आम्ही पटकन येतो’ असे सांगून तासभर एकटे ठेवू नये. एकाने त्यांच्याबरोबर थांबावे, आणि ही पाळी प्रत्येक ठिकाणी बदलावी.

सहलीत आठ दिवसच ओळख झालेली आहे. सुरक्षिततेची काय काळजी घ्यावी?

एकट्याने जाणाऱ्या व्यक्तीने, विशेषतः महिलेने, गाडीचा क्रमांक, सोबत्यांची नावे आणि मार्ग घरी कळवावा, मोबाइलवरून आपले ठिकाण घरच्यांना दिसत राहील अशी सोय करावी आणि हे सोबत्यांपासून लपवू नये. सरळ स्वभावाच्या माणसाला त्यात अपमान वाटत नाही, आणि ज्याला वाटतो त्याच्याविषयी आपल्याला वेळेत काहीतरी समजते. पहिली भेट दिवसाउजेडी संपेल अशी आणि गर्दीच्या ठिकाणांची असावी. अडचणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक चालतात. औषधे आणि अॅलर्जी यांविषयी एकमेकांना दोन वाक्यांत सांगून ठेवावे. मधुमेह असणाऱ्याने जेवणाची वेळ ठरवताना गप्प बसू नये.

जेवणाच्या आवडीनिवडी कशा सांभाळाव्यात?

उपवास, जैन आहार आणि मांसाहार यांबद्दल आधी विचारावे. देवदर्शनाच्या दिवशी मटण थाळीचा विषय काढण्यापूर्वी सोबत्यांचा अंदाज घ्यावा. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी नेल्यास भुलेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे हॉटेले फारशी नाहीत, सर्वांची सोय होते.

कोणते दिवस टाळावेत?

सोमवती अमावस्या आणि चंपाषष्ठीला जेजुरी टाळावी. त्या दिवसांची यात्रा पाहण्यासारखी असते, पण ती पाहायची तर मोटार दूर ठेवून आणि दुसरे काहीही न ठरवता जावे लागते. आषाढी वारीच्या काळात संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून दिवे घाटाने सासवडला आणि पुढे जेजुरीला जाते, तेव्हा हा रस्ता वाहनांसाठी बंद असतो. संत तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने जात असल्यामुळे परतीचा मार्गही अडतो.

पावसाळ्यात जावे का?

जावे, परंतु पाण्यात उतरण्याचा बेत असू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. धबधबे आणि धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या पाहाव्यात. बंदी असेल तिथे ‘कोणी विचारत नाही’ असे म्हणणारा सोबती एखादा असतोच. त्याच्याशी वाद न घालता चालवणाऱ्याने गाडी दुसरीकडे वळवावी.

मध्येच कोणाचा बेत बदलला तर?

एखाद्याला दोन ठिकाणे पाहून परतायचे असेल तर जेजुरीहून बस मिळते. भुलेश्वरच्या टेकडीवरून मात्र ती सोय नसल्याने हे जेजुरीतच विचारून घ्यावे.

जेजुरीहून आल्यावर गाडीच्या सीटवर पडलेली हळद कशी काढावी?

ती कोरडी असतानाच व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने झटकून काढावी. लगेच साबणाचे पाणी लावू नये, कारण साबणातल्या क्षारामुळे हळदीचा पिवळा डाग लालसर होतो आणि ओलाव्याने कापडात आणखी मुरतो. उरलेला पिवळेपणा उन्हात फिका पडत जातो, तेव्हा दोन-तीन दिवस गाडी काचा बंद करून उन्हात उभी ठेवावी. चादरींचे डागही वाळत घातल्यावर उन्हानेच बरेचसे जातात, पण त्या इतर कपड्यांबरोबर धुण्यास टाकू नयेत.